तीन वर्षांसाठी आलेला पाद्री : पेनसिल्व्हेनियातले चार दिवस

माझी मुलगी गेली पंधरा वर्षं अमेरिकेत आहे. फिलाडेल्फियाच्या वायव्येला पाऊण-एक तासावर कॉलेजव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथे तिचं घर. सांगलीहून मी या वेळी सप्टेंबरमध्ये गेले. हे आले नाहीत, गुडघ्यांमुळे त्यांना आता एवढं बसवत नाही. रोज संध्याकाळी नातवाला घेऊन मी फिरायला निघायची. तेवढ्यात शेजारचं ट्रॅप गाव सुरू होतं आणि मेन स्ट्रीटच्या थोडं आत एक जुनी दगडी इमारत लागते. तिचं छप्पर असं काही मोडत उतरतं की मला पहिल्यांदा ते धान्याचं कोठार वाटलं. ते चर्च होतं, 1743 सालचं. मागे दफनभूमी. हे बांधवून घेणारे पास्टर हेन्री मेल्कियॉर म्यूलेनबर्ग तिथेच पुरलेले आहेत.

घरी येऊन विचारलं तर मुलीला एवढंच ठाऊक होतं, की रस्त्यावर पाटी आहे. मग दोघी मिळून वाचत बसलो. म्यूलेनबर्ग जर्मनीतल्या आइनबेक गावचे, जन्म 1711 चा. वडील लहानपणीच गेले. गोटिंगेनला शिकून ते हाल्ले शहरातल्या अनाथाश्रमात शिकवायला लागले. तिथली लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथाची, संस्था दूरदेशी पाद्री पाठवायची. पेनसिल्व्हेनियातल्या तीन जर्मन मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या समुदायांनी, पाद्री मागितला होता, तेव्हा हाल्लेने यांना विचारलं. हे तयार झाले, पण तीन वर्षं जाऊन बघतो, अशा बोलीवर. 1742 मध्ये आले आणि 1787 मध्ये इथेच वारले. पंचेचाळीस वर्षं.

हे वाचून मुलगी म्हणाली, "आई, आमचंही तीनच वर्षांचं ठरलं होतं."

त्या रात्री आम्ही चार दिवसांचा बेत ठरवला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, जावयांनी रजा काढली, नातवाला शाळेतून दोन दिवस सोडवलं. ज्या क्रमाने या माणसाचं आयुष्य गेलं, साधारण त्याच क्रमाने जायचं आणि शेवट घराजवळच्या कबरीपाशी करायचा.

पहिला दिवस, गुरुवार : फिलाडेल्फिया

सकाळी पाऊस भुरभुरत होता. पहिल्यांदा डेलावेअर नदीकाठचं ग्लोरिया देई चर्च गाठलं. याला 'ओल्ड स्वीड्स' म्हणतात, कारण ते स्वीडिश वसाहतवाल्यांनी 1700 च्या सुमारास बांधलं. शेजारून हायवेचा घरघराट, आणि आवारात शिरलं की जुन्या विटा, कबरी आणि ओलं गवत. आत मान वर केली आणि तशीच उभी राहिले. छताला दोन लाकडी जहाजं टांगलेली आहेत. स्वीडिश लोकांना इकडे घेऊन आलेल्या जहाजांच्या त्या प्रतिकृती. आपल्याकडे कोकणात समुद्रावरचे लोक देवळात होडीची प्रतिकृती वाहतात, तेच मनात आलं. पाण्यावरून सुखरूप पोचलेल्या माणसाला ते पाणी देवापुढे ठेवावंसं वाटत असणार.

म्यूलेनबर्ग 25 नोव्हेंबर 1742 ला या शहरात उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला कोणी आलेलं नव्हतं. उलट त्यांच्या मंडळीतले बरेच लोक काउंट झिंझेनडॉर्फ या बड्या जर्मन सरदाराच्या मागे लागलेले. तोही धर्मगुरू म्हणूनच वावरत होता. हातात नेमणुकीची पत्रं असलेला एकतीस वर्षांचा परका तरुण एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एवढा मातब्बर माणूस. दोघांची समोरासमोर खडाजंगी झाली आणि तरुण हटला नाही. स्वीडिश मंडळीने मात्र त्यांना आपलं म्हटलं, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते याच छताखाली प्रवचनाला उभे राहिले. हे कळल्यावर ती टांगलेली जहाजं मी परत एकदा बघितली.

दुपारी रीडिंग टर्मिनल मार्केट. जुन्या रेल्वे स्टेशनच्या पोटातला हा बाजार, आणि त्यात पेनसिल्व्हेनिया डच लोकांचे गाळे. 'डच' म्हणजे हॉलंडचे नव्हेत. हे लोक स्वतःच्या भाषेला 'डाइच' म्हणतात, म्हणजे जर्मन. पांढरी टोपी घातलेल्या मुली पिठाची वळकटी हवेत फिरवून प्रेटझेल वळत होत्या, लोण्यात बुडवून गरम गरम हातात ठेवत होत्या. नातवाने दोन खाल्ले. (हे गाळे बघायचे असतील तर रविवारी जाऊ नका, ते रविवारी बंद असतात. आणि बाराच्या आत पोचा, नंतर बसायला जागा मिळत नाही.)

संध्याकाळी काँग्रेस हॉल. 1790 ते 1800 अमेरिकेची संसद इथे भरायची. खालच्या दालनात अध्यक्षाची उंच खुर्ची आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचे पहिले अध्यक्ष म्हणजे या पाद्रीबाबांचे चिरंजीव फ्रेडरिक म्यूलेनबर्ग. पहिल्या संसदेचे ते अध्यक्ष झाले 1789 मध्ये, न्यूयॉर्कला. तिसऱ्या संसदेच्या वेळी पुन्हा झाले, ते या इमारतीत. वडील तोवर गेले होते. तीन वर्षांसाठी आलेल्या माणसाचा मुलगा नव्या देशाच्या सभागृहाच्या खुर्चीत बसतो, त्या दालनात माझा नातू बुटाच्या टाचा वाजवत फिरत होता. तोही इथेच जन्मलेला. मला त्या खुर्चीसमोरून लवकर हलवेना.

दुसरा दिवस, शुक्रवार : लँकेस्टर आणि एफ्राटा

पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. पण वारा असा की कानाला स्कार्फ बांधावा लागला. लँकेस्टरच्या सेंट्रल मार्केटमध्ये नाश्ता केला. शूफ्लाय पाय नावाचा गोड पदार्थ मिळाला. खाली काळसर ओला थर, वर पीठ-लोणी-साखरेचा भुगा. पहिल्याच घासाला मी जावयांना म्हटलं, "अहो, ही काकवी आहे!" आणि खरंच ती काकवीच. मोलॅसिस म्हणजे आपल्या गुऱ्हाळावर मिळते तिचीच थोरली, जास्त काळी बहीण. आमच्याकडे भाकरीबरोबर खातात, यांनी तिचा पाय केला. गाळ्यावरच्या बाईंना मी फोनवरचा गुऱ्हाळाचा फोटो दाखवला. त्यांनी आपल्याकडच्या ॲपल बटरच्या (सफरचंदं आटवून केलेल्या मुरंब्यासारख्या पदार्थाच्या) तांब्याच्या कढईचा फोटो दाखवला. एवढी मोठी कढई, लांब दांड्याचं लाकडी ढवळणं, भोवती घरातली सगळी माणसं आळीपाळीने ढवळतायत. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले तर फरक फक्त कपड्यांचा होता. मी ॲपल बटरची एक बरणी घेतली. (हे मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारीच भरतं.)

याच शहरात म्यूलेनबर्गांचा धाकटा मुलगा गोटहिल्फ हाइनरिश एर्न्स्ट पस्तीस वर्षं पास्टर होता आणि 1787 मध्ये स्थापन झालेल्या फ्रँकलिन कॉलेजचा पहिला प्रमुखही. पण त्याचं नाव राहिलं ते झाडापाल्यामुळे. हा गवतं गोळा करायचा, ओळखायचा, जगभरच्या वनस्पतीतज्ज्ञांना पाठवायचा. गवताच्या एका अख्ख्या वंशाला (जीनसला) 'म्यूलेनबर्गिया' नाव आहे. आणि मुलीच्या शेजाऱ्यांच्या अंगणात गेला महिनाभर मी जे बघत होते, गुलाबी धुक्यासारखं वाऱ्यावर हलणारं गवत, ते त्यातलंच! तळहाताएवढं एक दलदलीतलं कासवही आहे, मानेवर नारिंगी ठिपका असलेलं, त्याच्याही शास्त्रीय नावात हे आडनाव आहे.

या मुलाची एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. 1763 मध्ये बापाने तिघा मुलांना शिक्षणासाठी जर्मनीला धाडलं. पीटर सोळाचा, फ्रेडरिक तेराचा आणि हा नऊ वर्षांचा. जहाजाने. परत आला तो सात वर्षांनी. माझी मुलगी बावीस वर्षांची असताना मुंबईच्या विमानतळावर काचेपलीकडे गेली, तर मी चार दिवस नीट जेवले नव्हते. त्या आईने नऊ वर्षांच्या पोराच्या पेटीत काय काय भरलं असेल?

पीटरला तर बापाने लुबेकला एका औषधविक्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे तो इतका कंटाळला की घरी यायला मिळावं म्हणून ब्रिटिशांच्या पलटणीत नाव घालून 1767 मध्ये परत आला. बापाचा निर्णय चुकला होता, असं मला वाटतं. मुलांच्या भल्यासाठी म्हणून आपण जे ठरवतो त्यात मुलांना विचारायचं राहून जातं, ते तेव्हाही आणि आताही.

दुपारी एफ्राटा क्लॉइस्टर. कॉनराड बाइसेल या दुसऱ्या जर्मन माणसाने 1732 मध्ये वसवलेला हा मठ. इथले साधू-साध्वी ब्रह्मचारी. दिवसातून एकदा शाकाहारी जेवण, मध्यरात्री उठून प्रार्थना, झोपायला हातभर रुंदीचं लाकडी फळकुट आणि उशाला लाकडाचा ठोकळा. मी तो ठोकळा पाहिला. टोकं जराशी गोल केलेली, बस. दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आपल्या महानुभावांचे मठ, संन्यासी, बैरागी यांच्यात वाढलेल्याला यातलं काही परकं वाटत नाही. हाताने लिहिलेली त्यांची नक्षीदार जर्मन अक्षरं बघताना मात्र मान आपोआप झुकते.

देवासाठी घर सोडणारी ही माणसं मोठीच. तरीही त्या थंड खोल्यांतून बाहेर आल्यावर माझं मन दुसऱ्या माणसाकडे गेलं, ज्याला अकरा मुलं झाली, चार लहानपणीच गेली, जो घोड्यावरून खेड्याखेड्यांतल्या मंडळ्यांकडे फिरला आणि दर वेळी चिखलाचे बूट घेऊन घरीच परतला. (इथे आत बघायला गाइडबरोबरच जा, खोल्यांचा अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाही. लोकरीचे मोजे घाला, जमीन गार असते.)

तिसरा दिवस, शनिवार : वोमेल्सडॉर्फ

हा म्यूलेनबर्गांच्या सासुरवाडीचा दिवस. टल्पेहॉकन खोऱ्यात कॉनराड वाइझर यांचं दगडी घर आणि भोवती मोठं उद्यान आहे. आम्ही पोचलो तर घराला कुलूप. आतलं बघण्याचे दिवस ठरलेले असतात, ते आधी पाहून जा. आवारात हिंडायला मात्र कोणी अडवत नाही.

वाइझर हे या सगळ्या गोष्टीतलं मला सर्वांत आवडलेलं माणूस. आई जर्मनीतच वारली. 1710 मध्ये तेरा वर्षांचा हा पोरगा बापाबरोबर न्यूयॉर्कला आला. सोळाव्या वर्षी बापाने त्याला मोहॉक या मूलनिवासी लोकांमध्ये राहायला पाठवलं. थंडी आणि उपासमार सोसून तो त्यांची भाषा शिकला, आणि पुढे तीस वर्षं पेनसिल्व्हेनिया आणि इरोक्वॉय या मूलनिवासी राष्ट्रांच्या (मोहॉक त्यांतलेच) मध्ये दुभाषा म्हणून उभा राहिला. आवारात शिकेलामी या मूलनिवासी प्रमुखाचा पुतळा आहे. दोघांची दोस्ती होती. आणि हाच वाइझर मध्ये काही वर्षं एफ्राटाच्या नादी लागला होता. दाढी वाढवली, मठात जाऊन राहायचा, घरी बायको आणि लेकरं. शेवटी बाइसेलशी बिनसलं आणि माणूस घरी आला.

काल तो लाकडी ठोकळा पाहिला नसता तर या घराचं महत्त्व मला कळलं नसतं. मठातून परतलेल्या या बापाची मुलगी आना मारिया हिचं लग्न 1745 च्या एप्रिलमध्ये म्यूलेनबर्गांशी झालं. ती अठराच्या घरातली, ते तेहतीसचे. बोलीची तीन वर्षं संपत आलेली. लग्न इथल्या मुलीशी केलं, म्हणजे परत जाणं संपलं.

उद्यानात मोठाल्या झाडांखाली पानांचा खच पडला होता. आम्ही डब्यातल्या धपाट्या काढल्या, सोबत काल घेतलेलं ॲपल बटर. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन फिरत होते. त्यांच्या लहानपणी आजी घरात डाइच बोलायची. त्यांना समजतं, बोलता येत नाही. "आणि तुमच्या नातवाचं?" त्यांनी विचारलं. नातू माझ्याशी मराठीत बोलतो, मी म्हटलं. त्यांनी वाकून त्याला गंभीरपणे सांगितलं, "सोडू नकोस." त्याने धपाटीचा तुकडा त्यांना दिला. तिखट लागला असणार, पण त्यांनी सगळा संपवला.

चौथा दिवस, रविवार : ट्रॅप

घरून चालतच निघालो. रात्री चांगलीच थंडी पडली होती, गवतावर दव. सकाळची उपासना शेजारच्या, नंतर बांधलेल्या विटांच्या चर्चमध्ये असते. आम्ही मागे बसलो. नंतर एका आजींनी जुन्या चर्चमध्ये नेलं.

दरवाजावर दगडात लॅटिन मजकूर. आत रंग न दिलेले लाकडी बाक, तीन बाजूंनी लाकडी सज्जा, उंच व्यासपीठ. शेगडी, दिवे काही नाही. पूर्वी हिवाळ्यातही लोक असेच बसायचे, आजी म्हणाल्या. चर्चचं नाव ऑगस्टस, ते हाल्लेचा तो अनाथाश्रम काढणाऱ्या ऑगस्ट हेरमान फ्रांकेंवरून. अमेरिकेतलं, मूळ रूपात टिकून वापरात असलेलं हे सर्वांत जुनं लुथरन चर्च.

हाल्ले म्हटल्यावर मला तंजावर आठवलं. तिथल्या चर्चमध्ये संगमरवरात कोरलेलं एक दृश्य आहे. मरणशय्येवर ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभे आपले सरफोजी राजे. श्वार्ट्झही हाल्लेचेच. 1750 मध्ये तमिळ देशात आले आणि परत गेले नाहीत. भोसल्यांच्या पोराला त्यांनी लेकरासारखं जपलं. म्यूलेनबर्गांनाही अमेरिकेआधी भारतात पाठवायचं घाटत होतं. तसं झालं असतं तर? एकाच शाळेतून निघालेली दोन माणसं, एक कावेरीकाठी आणि एक इथे पर्किओमेन नदीच्या काठी. मी आजींना फोनवर ते शिल्प दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

या बाकांनी वाईट दिवसही पाहिलेत. 1777 च्या सप्टेंबरात, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, म्यूलेनबर्ग एका लहान मुलाच्या दफनासाठी इथे आले तर आत सैनिक भरलेले. बंदुका टेकवून ठेवलेल्या, खाली पेंढा आणि घाण, वेदीवर उष्टं अन्न, वर कोणी ऑर्गन बडवतोय आणि बाकीचे गातायत. हे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय. आणि हे सैनिक शत्रूचे नव्हते, ज्या बाजूने त्यांचा पोरगा लढत होता त्याच बाजूचे. सहासष्ट वर्षांचा पाद्री आत येऊन उभा राहिला आणि काही बोलला नाही. बोलण्यात शहाणपण नाही असं त्याला वाटलं.

घरातही फाळणी होतीच. आइनबेक हॅनोव्हरच्या राज्यातलं आणि हॅनोव्हरचा राज्यकर्ता तोच इंग्लंडचा राजा, म्हणजे म्यूलेनबर्गांची निष्ठा लहानपणापासूनची. तिकडे पीटर व्हर्जिनियातली पाद्रीगिरी सोडून वॉशिंग्टनच्या सैन्यात गेला आणि जनरल झाला. व्यासपीठावर झगा उतरवून त्याने आतला गणवेश दाखवला, ही कथा इथे मुलामुलाला माहीत आहे. छापून आली ती मात्र पुष्कळ नंतर, आणि इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. धाकटा फ्रेडरिक तेव्हा न्यूयॉर्कला पास्टर होता. पाद्र्याने या भानगडीत पडू नये, असं त्याने भावाला पत्रातून खडसावलं. ब्रिटिश न्यूयॉर्कवर चालून आले तेव्हा त्यालाही पळावं लागलं, आणि तोच पुढे त्या संसदेच्या खुर्चीत बसला. या सगळ्यात बाप मधोमध, ट्रॅपच्या घरात, येईल त्याला जेवू घालत.

ते घरही मेन स्ट्रीटवरच आहे. 1776 पासून शेवटपर्यंत दोघं नवरा-बायको तिथे राहिली. आना मारियाला उतारवयात झटके यायचे. ते कधी आले, कसे गेले, हे त्या माणसाने रोजनिशीत वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. मंडळ्यांचे हिशेब, बाप्तिस्मे, भांडणं आणि मध्येच बायकोची रात्र कशी गेली ते. आज त्या खोल्या पुन्हा जुन्यासारख्या केल्या आहेत. थोड्या अंतरावर फ्रेडरिकचं घर, 'स्पीकर्स हाउस'. (दोन्ही घरं आतून बघायची तर आधी वेळ ठरवून जा. चर्चजवळ पार्किंग मुबलक आहे, दफनभूमीत हिंडायला पैसे लागत नाहीत.)

शेवटी कबरीपाशी आलो. म्यूलेनबर्ग 7 ऑक्टोबर 1787 ला वारले, त्यामुळे आमचा रविवार पुण्यतिथीच्या जवळचाच. वर आडवी शिळा, ऊनपावसाने काळवंडलेली. जवळच पीटर. शिळेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, की हा माणूस कसा होता आणि केवढा होता हे येणाऱ्या काळांना दगडावाचूनही कळेल.

सांगलीत रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा शिळेवर धरला. निवृत्त इतिहास शिक्षक, त्यामुळे त्यांना सगळं क्रमाने हवं होतं. मी जहाजांपासून सुरुवात केली, काकवी सांगितली, लाकडी ठोकळा सांगितला, तीन वर्षांची बोली सांगितली. ते ऐकत होते. मागे आमच्या घरातला पंखा फिरताना दिसत होता.

मग म्हणाले, "आणि त्याची आई? ती आइनबेकलाच होती ना?"

"निघण्याआधी तिचा निरोप घ्यायला गेला होता तो," मी म्हटलं. "परत जर्मनीला गेलाच नाही."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मुलगी माझ्या खांद्यामागे येऊन उभी होती, तिचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. ह्यांनी तिच्याकडे बघितलं.

"थंडी दिसतेय तिकडे," ते म्हणाले. "आईला शाल दे गं. उघड्यावर उभी आहे."